‘धोटा’ सिंगलच्या प्रकल्प नोंदी: यंत्रमागाच्या आवाजावर एक इलेक्ट्रॉनिक पॉप गाणं

इचलकरंजीत मामांची यंत्रमागाची शेड आहे. तिथल्या मागाचा ठेका उचलून इलेक्ट्रॉनिक पॉप गाणं करायचं, मावसबहिणीकडून गाऊन घ्यायचं आणि कुठल्याही कंपनीशिवाय स्वतः प्रकाशित करायचं, असा बेत. संगणकावर गाणी करणारे बरेच आहेत, पण गाणं झाल्यावर पुढे काय काय निस्तरावं लागतं ते मराठीत लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून या नोंदी. शास्त्र यात नाही.

६ एप्रिल २०२५, रविवार

शेडमध्ये आठ माग, सगळे जुने धोट्याचे. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. फोनवर आवाज घेतला. घरी येऊन ऐकला तर नुसता खरखराट. मागाच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि फोन मोठा आवाज आला की स्वतःच माइक दाबतो. त्यामुळे प्रत्येक ठोक्याचं टोक तासून निघालेलं आणि मधल्या रिकाम्या जागेत बाकीच्या मागांचा कल्ला भरलेला.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एकच माग चालू ठेवायला मामा तयार झाले. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबर काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी: “मागाच्या बाजूला हुबा ऱ्हाऊ नगंस. धोटा उडाला तर डोळा जाईल.” ज्यांना कुठल्याही कारखान्यात आवाज घ्यायचा असेल त्यांनी आधी तिथल्या जॉबरला विचारावं, मग माइक काढावा.

१३ एप्रिल

माइक हवेत धरण्याचा नाद सोडला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिएझोची पितळी चकती ३० रुपयांना मिळते, घड्याळाच्या गजरात असते तीच. तिला जाळीवाली वायर आणि जॅक डागला की ज्याला चिकटवाल त्याचीच थरथर ऐकू येते, हवेतला आवाज जवळजवळ नाही. दोन केल्या. वायरीसकट खर्च ३५० रुपये.

दुहेरी चिकटपट्टी बिडावर धरेना. मागाच्या प्रत्येक भागावर तेल आणि तुसाचा थर असतो. रॉकेलनं पुसलं, तरी पाच मिनिटांत चकती लोंबायला लागली. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे घालून सुताराच्या शिकंज्यानं आवळली. हे टिकलं, आणि रबरामुळे किणकिणाटही कमी झाला.

एक चकती डाव्या पेटीजवळ (धोटा येऊन थांबतो ती), दुसरी उजव्या. आता माग पहिल्यांदा नीट ऐकू आला. काठी धोट्याला हाणते तो कोरडा ‘टाक्’, धोटा ताण्यातून पार होऊन समोरच्या पेटीत आदळतो तो ‘ठप्’, मग फणी पुढे येऊन नवा धागा कापडाला ठोकते तो खोल ‘धप’. पुढच्या फेरीला तेच उलट दिशेनं. डावीकडचा टाक् कडक आहे. उजवीकडचा किंचित उशिरा येतो आणि जाड वाटतो, म्हणजे माग थोडा लंगडतो. ड्रम मशीनला असा लंगडेपणा द्यायला लोक तासन्‌तास घालवतात.

२० एप्रिल

घुं... असा एक सलग आवाज सगळ्या रेकॉर्डिंगच्या तळाशी आहे. विजेचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटर, ट्यूबलाइट, वायर सगळीकडून तोच सूर झिरपतो.

एरवी तो गाळून टाकला असता. पण गाणं आम्ही पांढरी पाचमध्ये बसवलं होतं आणि त्या सुराचा खालचा बेस ४९ हर्ट्झला पडतो. ४९ आणि ५० शेजारी वाजले की दर सेकंदाला एक हेलकावा येतो, बेस फुगतो आणि बसतो. हेडफोनवर गरगरल्यासारखं होतं.

पहिला उपाय: ५०, १००, १५० हर्ट्झवर अरुंद गाळण्या लावल्या. घुं गेलं, पण फणीच्या धपमधला जीवही गेला. दुसरा उपाय: सगळं गाणंच पांढरी पाचपासून ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर चढवलं. आता बेस आणि वीज एकाच सुरात आहेत आणि ती घुं मागे तानपुऱ्यासारखी राहते. ग्रिडची वारंवारता थोडी मागेपुढे होते, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात, पण तेवढ्यानं कानाला काही खुपत नाही.

याची किंमत पुढे मोजावी लागणार हे तेव्हाच दिसत होतं. हार्मोनियम घेऊन बसलं की हे गाणं कुठल्याच पट्टीत सापडत नाही. कीबोर्डवर ४४० ऐवजी ४४९ हर्ट्झला ट्यूनिंग लावावं लागतं.

४ मे

मागाचा वेग मोजला. मिनिटाला १२६ ठोके, पण शेजारचे माग सुरू झाले, व्होल्टेज पडलं किंवा पट्टा सरकला की १२२. नाचाच्या गाण्यांची लय साधारण याच घरात असते, हा योगायोग मला फार आवडतो. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला. म्हणजे या गावात १२० बीपीएम (मिनिटाला ठोके) संगणकाच्या कितीतरी आधीपासून वाजतंय.

हलत्या वेगावर गाणं बसवून पाहिलं. सिंथेसायझर मागामागे धावायला लागला आणि गाणं दारू प्यायल्यासारखं झालं. म्हणून ठोके सुटे कापले आणि १२४ वर ओळीत मांडले. सगळ्यात स्वच्छ ठोका डावीकडचा होता, तो निवडून सगळीकडे लावला. उजवीकडच्यात तेलाच्या थेंबाचा की कशाचा चटचट आवाज होता.

२५ मे

गायनाचं रेकॉर्डिंग. ठरवलं होतं मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, कारण मावशीच्या घराला वर पत्रा आहे. यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला. पत्र्यावर पाऊस आणि शेजारी माग, दोन्ही एकदम.

रात्री साडेअकरानंतर पाऊस उघडला तेव्हा कपाटाचं दार उघडून, मागे गोधड्या टांगून गाऊन घेतलं. माइक भाड्यानं, दिवसाला ६०० रुपये. तो दोन दिवस ठेवावा लागला.

मावसबहीण भजनी मंडळात गाते. तिनं पहिल्याच टेकला प्रत्येक ओळीच्या शेवटी मुरकी घेतली. सुंदर होती, पण खाली यंत्रासारखा सरळ ठेका असताना ती तरंगत राहायची. “दादा, सपाट गायचं असेल तर मला कशाला बोलावलंस?” हा प्रश्न रास्त होता. तोडगा असा निघाला की कडव्यात सपाट, धृपदात तिच्या मनासारखं. धृपद आहे: ‘जा रे धोट्या, ये रे धोट्या, मधे माझं गाव’. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर तिच्या मुरक्यांचे जिने करत होतं. धृपदावरून ते काढून टाकलं.

१५ जून

मिक्सिंग. हेडफोनवर उत्तम, फोनच्या स्पीकरवर ठेकाच गायब. फोनचा इवलासा स्पीकर खालचा बेस वाजवूच शकत नाही, आणि आपला श्रोता तर फोनवरच ऐकणार. फणीच्या धपला हलकं डिस्टॉर्शन दिलं, म्हणजे त्याचे वरचे सूर तयार होतात आणि कान खालचा बेस मनानं भरून घेतो. डावा टाक् थोडा पुढे आणला. बेसवर रुंदीचा, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे पसरवणारा इफेक्ट टाकला, हेडफोनवर तो खूप छान वाटत होता.

२२ जून

मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधी गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात, पुण्यातल्या एका अनुभवी माणसाकडून, ४,५०० रुपये. मी स्वतः केलेलं आणि त्यांचं शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा पैसे देताना हात आखडला नाही.

आवाज किती मोठा ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. स्पॉटिफाय सगळी गाणी ऐकवताना सरासरी −१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा भासतो ते मोजायचं एकक) पातळीवर आणतं, त्यामुळे नुसतं मोठं करून फायदा नाही. त्यांनी −९ च्या आसपास ठेवलं आणि शिखरं −१ डीबीच्या खाली. कारण विचारलं तर म्हणाले, गाणं फक्त ॲपवर वाजत नाही, लग्नात आणि रिक्षातही वाजतं, तिथे कुणी पातळी सारखी करून देत नाही.

जाता जाता त्यांनी चरणजित सिंग यांचा विषय काढला. १९८२ मध्ये मुंबईत या माणसानं रोलँडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर राग आणि डिस्कोचा ठेका एकत्र करून रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक थक्क झाले, कारण पुढे शिकागोत जे संगीत ॲसिड हाउस म्हणून गाजलं त्याच्याशी तिचं विलक्षण साम्य होतं. मला धीर देण्यासाठी सांगितलं असावं. अठ्ठावीस वर्षं थांबायची माझी तयारी नाही.

२९ जून

कागदपत्रं. मावसबहीण म्हणाली, “घरातल्या घरात कागद कशाला?” घरातल्या घरात म्हणूनच. शब्द दोघांचे, चाल माझी, रेकॉर्डिंगवरचा हक्क निम्मा-निम्मा, खर्च आधी वळता करायचा. एवढं अर्ध्या पानात मावतं.

महाराष्ट्रात आता १०० रुपयांचा स्टॅम्प चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना किमान ५०० चा लागतो. नोटरीचे वेगळे ३०० गेले.

नव्या लोकांना एवढंच सांगेन की गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द-चालीचा, दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. ॲपवरून डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणं ॲपवर पोचवणारी कंपनी) जो पैसा येतो तो रेकॉर्डिंगचा. शब्द-चालीची रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते, तिथे गीतकार आणि संगीतकारानं स्वतः सभासद व्हावं लागतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं लेखक-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा बराच सुरक्षित केला आहे, पण नाव नोंदवलं नसेल तर तो येणार कुठून? आम्ही दोघांनी अर्ज भरले.

१० जुलै

डिस्ट्रिब्युटरकडे गाणं चढवलं. वर्षाला १,८०० रुपयांची योजना, उत्पन्नातला वाटा घेत नाहीत. फुकट योजनावाले टक्केवारी घेतात. आमच्यासारख्याला खरं तर ते स्वस्त पडलं असतं, हे पुढे कळेलच.

आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा १२ अक्षरांचा क्रमांक ते देतात, वेगळे पैसे नाहीत. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. पुढे प्रत्येक तक्रारीत तोच विचारतात.

प्रकाशनाची तारीख ८ ऑगस्ट, शुक्रवार. नवी गाणी जगभर शुक्रवारी येतात, २०१५ पासूनचा तो रिवाज आहे. २७ ऑगस्टला गणपती, त्यामुळे त्याआधी गाणं लोकांच्या कानावर जायला तीनेक आठवडे मिळतील असा हिशेब.

१८ जुलै

नामंजूर. कारण: मुखपृष्ठावरची अक्षरं आणि भरलेली माहिती जुळत नाही. मुखपृष्ठावर देवनागरीत ‘धोटा’, अर्जात रोमन लिपीत. अर्जात देवनागरी भरावं का यावर आमची बरीच खलबतं झाली. शेवटी विचार केला की आपली माणसं मराठी गाणंही शोधताना इंग्रजी कळफलकावरच बडवतात. रोमन ठेवलं आणि मुखपृष्ठावरून अक्षरंच काढून टाकली. नुसता धोट्याचा फोटो, ३००० बाय ३००० पिक्सेल. लाकडाची गुळगुळीत झालेली कड, पितळी टोक, आत अर्धी संपलेली धाग्याची कांडी. मला आता तेच जास्त आवडतं.

मावसबहीण या फोटोवरही समाधानी नव्हती. “माझा फोटो कुठाय?” व्हर्टिकल व्हिडिओत तिला पूर्ण जागा देऊन तह झाला. स्पॉटिफायवर गाणं चालू असताना जी ३ ते ८ सेकंदांची फिरती चित्रफीत दिसते, तीही तिचीच.

२४ जुलै

स्पॉटिफायवर गाण्यांच्या याद्या करणाऱ्या संपादकांकडे गाण्याची शिफारस आपण स्वतः पाठवू शकतो. अट अशी की गाणं अजून प्रकाशित व्हायचं असलं पाहिजे. किमान ७ दिवस आधी पाठवलं तर निदान आपल्याला फॉलो करणाऱ्यांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत ते जातं. लिहायला ५०० अक्षरं मिळतात. मी त्यात गावाचा इतिहास लिहायला गेलो, निम्मी जागा संपली. मग पुसून एवढंच ठेवलं: ठेका खऱ्या यंत्रमागाचा आहे, गायिका भजनी मंडळातली आहे, गाणं नाचाचं आहे. फॉलो करणारे तेव्हा बहुतेक नातेवाईकच होते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मध्यरात्री बारा वाजता गाणं आलं आणि दुसऱ्याच कुणाच्या पानावर गेलं. मावसबहिणीच्या नावाची आणखी एक गायिका आहे, ती भक्तिगीतं गाते. तिच्या अभंगांच्या रांगेत आमचा धोटा ठकठक करत बसलेला. तिच्या चाहत्यांना सकाळी सकाळी काय वाटलं असेल.

डिस्ट्रिब्युटरला मेल टाकला. उत्तर तीन दिवसांनी, काम त्यानंतर. तोपर्यंत पहिल्या शनिवार-रविवारची जी काही हवा असते ती गेली. गाणं चढवतानाच ‘या नावाचे इतर कलाकार आहेत, माझं नवं पान बनवा’ असा एक चौकोन असतो. तो मी टिचकवला होता, त्याचा स्क्रीनशॉटही आहे, पण गाणं लागायच्या आधी एकदा दुवा तपासून घेणं हाच खरा उपाय. नाव कॉमन असेल तर सरळ टोपणनाव घ्या.

११ ऑगस्ट

खरा निकाल आज लागला. शेडमध्ये स्पीकरवर गाणं लावलं. कामगारांनी माना डोलावल्या, बिहारकडचे दोघे हसले, मामांनी “चांगलं झालंय की” म्हणून चहा मागवला. जॉबर काका काहीच बोलेनात. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “ह्यो माग बंद पडंल.”

का? “धोटा डावीकडनं गेला. पुन्ना डावीकडनंच गेला. परत आला कवा?”

एका बाजूचा ठोका सगळीकडे लावल्याचा हा परिणाम. गायिका जा रे, ये रे म्हणतेय आणि मागचा धोटा नुसता जातोच आहे. मास्टरिंगवाल्यांना, संगीतातल्या चार मित्रांना, मला, कुणालाच हे ऐकू आलं नव्हतं. काकांनी पुढे असंही सांगितलं की डाव्या काठीचं चामडं झिजलंय असं आवाजावरून वाटतं. मामांनी उघडून पाहिलं. झिजलं होतं.

आता हे दुरुस्त करायचं तर काय करावं लागेल? तीच फाइल बदलता येत नाही. ठेका बदलला म्हणजे ते वेगळं रेकॉर्डिंग, त्याला नवा आयएसआरसी लागणार आणि आधी ऐकलं गेलेलं त्यात धरलं जाणार नाही. लोक पहिलं काढून टाकतात. मी ठेवतोय. दुसरी, लांब आवृत्ती काढायची आणि त्यात धोटा परत आणायचा असं ठरलं.

१७ ऑगस्ट

‘दहा हजार स्ट्रीम, इतक्या रुपयांत’ असे निरोप यायला लागले. उत्तर देऊ नका. खोट्या स्ट्रीमबद्दल २०२४ पासून स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दंड वसूल करतं आणि डिस्ट्रिब्युटर तो तुमच्यावर टाकतो किंवा गाणंच उतरवतो.

पण धोका नेहमी लबाडांकडूनच येतो असं नाही. मामांनी प्रेमानं शेडमधल्या सगळ्यांच्या फोनवर गाणं लावलं, आवाज बंद केला आणि रात्रपाळीभर फिरत ठेवलं. सकाळी मला अभिमानानं सांगितलं. त्यांना थांबवताना जेवढी गोड भाषा वापरावी लागली तेवढी नोटरीकडेही लागली नव्हती. गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात हे खरं, पण एकाच वायफायवर, आवाज बंद, रात्रभर, हे कुठल्याही यंत्रणेला दिसतंच.

२४ ऑगस्ट

गणपतीआधी एका मंडळाच्या पोरांनी त्यांच्या साउंडवाल्याच्या गोदामात गाणं लावून बघायला बोलावलं. आपल्याकडे त्या भिंतीएवढ्या सिस्टिमला सगळे डॉल्बीच म्हणतात. गाणं सुरू झालं आणि बेसच नाही. टाक्, ठप्, मावसबहीण, सगळं आहे, पायाखालची जमीन तेवढी नाही.

साउंडवाल्यानं अर्ध्या मिनिटात ओळखलं. त्याची सिस्टिम खालचा आवाज डावा-उजवा एकत्र करून सोडते आणि माझ्या रुंद केलेल्या बेसच्या दोन बाजू एकमेकींना खोडत होत्या. “सर, खाली एकच ठेवा. वर काय पसरायचं ते पसरा.” १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करून त्याच रात्री फाइल पाठवली. त्यानं त्याच्या पद्धतीनं आणखी बेस चढवला, मी हरकत घेतली नाही.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली. मंडळानं गाणं मिरवणुकीत दोनदा वाजवलं, चौकात आणि पुढे. ध्वनिप्रदूषणाचे नियम, पोलिसांचं मोजमाप, हे सगळं होतंच, त्यामुळे गोदामातली ताकद रस्त्यावर नव्हती. तरी पोरं नाचली. विशेष म्हणजे धृपदावर कुणीतरी हात डावीकडून उजवीकडे आणि परत असा फेकायला सुरुवात केली, ते सगळ्यांनी उचललं. त्याचे रील फिरतायत. बहुतेकांत रस्त्यावर रेकॉर्ड झालेला आवाज आहे, ॲपमधलं अधिकृत गाणं जोडलेलं नाही, म्हणजे आमच्या हिशेबात त्यातलं काही येत नाही. मी ओळखीच्या पोरांना अधिकृत ऑडिओ लावायला सांगितलं. एकानं ऐकलं.

दरम्यान आमच्याच व्हिडिओवर हक्काचा दावा आला. कडव्यात वापरलेला टाळ्यांचा एक तयार लूप, ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणून घेतलेला. तो वापरायची परवानगी असते, मालकी नसते. तोच लूप परदेशातल्या एका गाण्यात आहे आणि त्यांनी ते गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (व्हिडिओतलं गाणं ओळखून दावा लावणारी यंत्रणा) नोंदवलंय. हरकत नोंदवली, लूपचा परवाना जोडला. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि त्यांनी ते जवळजवळ सगळे वापरले. दुसऱ्या आवृत्तीत तो लूप नाही. रिकाम्या कांड्यांची पेटी हलवून घेतलेला आवाज आहे, टाळ्यांपेक्षा चांगला बसलाय.

१२ ऑक्टोबर

पहिला हिशेब आला. मिरवणुकीनंतर ऐकणारे वाढलेले दिसतात, आणि त्यात निम्म्याहून जास्त इचलकरंजी, कोल्हापूर, सांगली. संपादकांच्या यादीत गाणं गेलं नाही. मावसबहिणीचे दुबईतले एक मित्र तिथल्या मराठी मंडळात वाजवतायत.

रक्कम: चहापाण्याची. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला आधीच्या १२ महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर २०२४ पासून रेकॉर्डिंगचा पैसाच मिळत नाही. आम्ही ती रेघ ओलांडली, पण १,८०० रुपयांची वर्गणी निघायला अजून बराच अवकाश आहे.

पैसे काढायच्या आधी अमेरिकेच्या करखात्याचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म भरावा लागतो. पॅन क्रमांक टाकून भारताचा करार लागू केला की तिकडच्या कमाईवर १५ टक्के कापतात, नाहीतर ३०. हा फॉर्म पहिल्याच दिवशी भरून टाका. मी शेवटपर्यंत टाळला आणि मग रात्री दोन वाजता पासपोर्ट शोधत होतो, जो त्याला लागतच नाही.

९ नोव्हेंबर

दुसरी आवृत्ती तयार. उजवीकडचा ठोका नव्यानं घेतला, चटचट आवाज काठीच्या सैल बोल्टचा होता, काकांनी आवळला. चामडं नवं टाकल्यामुळे डावीकडचा आवाज आता पहिल्यासारखा राहिला नाही, म्हणून दोन्ही बाजू पुन्हा रेकॉर्ड केल्या. लंगडेपणा ओळीत न बसवता जसाच्या तसा ठेवला. गाणं पाच मिनिटांचं झालं, बेस खाली मोनो. काकांनी दोनदा ऐकलं आणि “आता चालतोय” म्हणाले.

आतापर्यंतचा खर्च: चकत्या आणि वायरी ३५०, माइकचं भाडं १,२००, मास्टरिंग ४,५००, स्टॅम्प आणि नोटरी ८००, डिस्ट्रिब्युटर १,८००. एकूण ८,६५०. दुसऱ्या आवृत्तीचं मास्टरिंग त्यांनी २,००० मध्ये करून दिलं, ते यात धरलेलं नाही. इचलकरंजीच्या फेऱ्यांचं पेट्रोल लिहून ठेवलं नाही.

मामांच्या शेजारच्या शेडमध्ये रॅपिअर माग आलेत, त्यांना धोटा नसतो. जुने माग भंगारात किलोवर जातात. मामांचे आठ तूर्त चालू आहेत, त्यामुळे कांडी, पेटी, फणी आणि पट्टा यांचे सुटे आवाज पुढच्या रविवारी काढून ठेवायचे ठरवलंय. आणखी कुणाला गाण्यात वापरायचे असतील तर ते देणार, फक्त कंटेंट आयडीत नोंदवायचे नाहीत या अटीवर. मामांची वेगळी अट आहे: जेवणाच्या सुट्टीतच यायचं, आणि एकच माग बंद करायला सांगायचा, सात नाही.